दादाच्या दिवसाचे साठ तास

दादाचं गणित सपशेल चुकलं होतं, आणि ते मी पकडलं.

आज त्याचं वर्षश्राद्ध. ब्राह्मण जेवून गेले, भांडी झाली, आता लिहायला बसले. हा कागद वाचून झाला की नातलगांपैकी पुढच्या घरी द्या.

माझा थोरला भाऊ ठाण्याच्या मराठी शाळेत मास्तर. मी लहानपणीच विधवा होऊन परत आले, ती कोपरीला त्याच्याकडेच राहिले.
शाळा मी पाहिली नाही. बाराखडी आणि पाढे त्यानेच शिकवले. तो ओसरीवर, मी चुलीपाशी, दोघं ओरडून.

त्याला एक वेड होतं.
उजेड एका सेकंदात एक लाख शहाऐंशी हजार मैल पळतो, असं त्याने वाचलं. व्याधाच्या ताऱ्याचा उजेड आपल्याकडे यायला नऊ वर्षं लागतात, हेही वाचलं.

मग तारा किती मैल लांब?

"नऊ वर्षांचे सेकंद काढायचे आणि गुणायचं. झालं!"
झालं कसलं? दोन महिने पाटी खरडत होता.

कल्याणला त्याचं लेक्चर ठरलं. समोर कॉलेजात शिकलेले बसणार. ते त्याला पंतोजी म्हणून हसायचे. आकडा चुकला असता, तर पुन्हा तोंड वर काढायची सोय नव्हती.

निघायच्या सकाळी म्हणाला, "ठमे, कागद धर. मी म्हणून दाखवतो. दिवसाचे साठ, त्याचे साठ, त्याचे साठ..."

"थांब. दिवसाचे साठ काय?"
"घटका!"
"आणि शेवटी आलं काय?"
"सेकंद."
"सेकंद कुठून येतील? घटकेची पळं होतात, पळांची विपळं. साहेबाचा सेकंद हवा, तर दिवसाचे तास चोवीस धर. तुझा दिवस साठ तासांचा झालाय, दादा."

आमच्याकडे पंचांग घटकांत आणि आगगाडी तासांत. तासाच्या अडीच घटका, हे मला झोपेतही कळतं. याने जन्मभर घटका मोजल्या, हात सवयीने तिकडेच गेला. तारा अडीच पट लांब जाऊन बसला.

"चारने गुण आणि शेवटचं एक शून्य उडव. नव्याने मांडायला नको."
"तू चूल बघ."

कागद ओढला, पागोटं घातलं, गेला.

संध्याकाळी आला.
"काय झालं?"
"झालं लेक्चर. वाढ."

एवढंच.
मी समजले, माझा आकडा आपला म्हणून खपवला. त्यानंतर पाच वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

तो गेल्यावर त्याच्या शाळेतले एक मास्तर समाचाराला आले. ते त्या सभेत होते.
म्हणाले, दादाने फळ्यावर आधी चुकीचाच आकडा पुरता लिहिला. मग पुसला.
"हा माझा होता. आता माझ्या बहिणीचा लिहितो."

सभा हसली. कुणी ओरडलं, "पंतोजी, पुढचं लेक्चर मग बाईंनाच द्यायला सांगा!"
"विचारतो," म्हणाला.

विचारलं नाहीच.

आज पंगतीत एकजण म्हणाला, मास्तर तारा झाले. काहीतरीच. तिथवर जायला उजेडालाच नऊ वर्षं लागतात. दादाला शेवटी शेवटी स्टेशनपर्यंत चालवत नव्हतं.

दादा, पाच वर्षं मी तुला तोंड फिरवून वाढलं.
तू मुकाट जेवलास.

ठमीचा नमस्कार घे.