पुढचा गिअर तिसऱ्यात होता

साखऱ्याच्या रस्त्याला लागून माझं रान आहे. त्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, एक लोखंडी धूड उभं आहे. मागचा अर्धा भाग माझा ट्रॅक्टर, पुढचा मेव्हण्याचा. येणारे-जाणारे त्याच्याकडे बोट दाखवतात, एका मिस्त्रीचा विषय काढतात आणि हसतात. इतकी वर्षं मीही त्यांच्यात हसत आलो. हसायचं माझ्यावर होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

ते मशीन जोडायची कल्पना त्या मिस्त्रीची. पुसेगावात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. माझ्या हळदीच्या रानात कुंदा माजला होता, खोल मुळांचं चिवट गवत; त्याला खोल नांगरट हवी होती, आणि माझ्या जुन्या ट्रॅक्टरला तेवढा नांगर ओढवत नव्हता. मेव्हण्याच्या गोठ्यामागं त्याच्या वडिलांचा तसलाच ट्रॅक्टर पुढची चाकं निखळून पडलेला. कोंबड्या त्याच्या सीटखाली अंडी घालायच्या. मिस्त्री म्हणाला, तुमच्याचीही पुढची चाकं काढू, दोन्ही एकामागं एक जोडू, मधे फिरता सांधा ठेवू. चारही चाकं मोठी, जोर दुप्पट. गावात मी हे माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगितलं. मिस्त्री शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. त्याच्या गप्प राहण्यावर आपलं भागतं, हे मला तिथंच कळलं असावं.

मेव्हणा ट्रॅक्टर द्यायला राजी नव्हता. वडिलांची वस्तू ती. "दाजी, तुमच्या हातात सुई दिली तरी वाकून येते," असं तो सासूबाईंच्या देखत म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो, पण ते आत रुतून बसलं. शेवटी मिस्त्रीच त्याच्याकडं गेला आणि स्वतःच्या जबाबदारीवर ट्रॅक्टर ओढून घेऊन आला.

त्याचं काम मी रोज बघायचो. वेल्डिंगचा टाका गार झाला की तो हातोडीनं ठोकायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. आवाज पटला नाही तर सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. सांध्याचे टाके त्यानं असे तीनदा काढले.

बसायचं मागच्या ट्रॅक्टरवर. क्लच, ब्रेक, रेस तारा ओढून तिथं आणले होते. पुढच्या ट्रॅक्टरचा गिअर मात्र मागून पडेना. तो खाली उतरून, पुढं जाऊन हातानंच टाकावा लागायचा. मिस्त्रीनं दोन्ही गिअरच्या दांड्यांना पांढरी चिंधी बांधली आणि मला बजावलं, "भाऊ, इंजन दोन झाले तरी चाल एकच पायजे. मागं पहिला तर पुढं बी पहिला. दर बारीला उतरायचं, हात लावून पाहायचं."

अक्षय तृतीयेला पहिली नांगरट धरली. घरून येताना दोन्ही गिअर तिसऱ्यात होते, रस्त्याची चाल म्हणून. रानात नारळ फुटला, दोन्ही बोनटांना कुंकू लागलं. लोक जमले होते. मी रुबाबात मागं बसलो, हाताखालचा गिअर पहिल्यात टाकला आणि नांगर लावला.

वीसेक पावलं गेलो असेन. पुढची चाकं माती उधळत मागच्याला हिसके देऊ लागली, आणि मला आठवलं.

तिथं थांबता आलं असतं. क्लच पायाखालीच होता. आमच्याकडं पहिलं तास, नांगराची पहिली ओळ, अर्ध्यात मोडत नाहीत; नांगर लागला की त्या टोकालाच उचलायचा, नाहीतर साल वाईट जातं म्हणतात. पुष्कळ वर्षं मी मनाशी हेच कारण घोळवलं. ते खरं नाही. सालाबिलाची मला भीती नव्हती. धुऱ्यावर मेव्हणा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत उतरून, चालत जाऊन, विसरलेला गिअर बदलायची मला लाज वाटली. मी रेस वाढवली.

सांधा फाटला. पुढचा ट्रॅक्टर नाक जमिनीत खुपसून बसला, कुंकवाचं बोनट चेपलं. कुणाला लागलं नाही.

मिस्त्री सगळ्यांच्या आधी पोचला. सांध्याकडं त्यानं पाहिलंच नाही, सरळ पुढच्या गिअरपाशी गेला. चिंधीवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. लोक पळत येत होते. त्यानं दांडी हळूच न्यूट्रलला आणली.

काय झालं, म्हणून मेव्हण्यानं विचारलं. मिस्त्री माझ्याकडंच पाहत राहिला. मी खाली उतरून कपडे झटकले.

"टाका कच्चा राहिला माझा," मिस्त्री म्हणाला.

मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी मेव्हण्याला म्हणालो, "मी म्हणतच होतो, ह्याच्या भरोशावर राहू नका."

त्यानंतर लोक ट्रॉलीचं काम दुसरीकडं नेऊ लागले. कुणाचं काही तुटलं की 'मिस्त्रीचा टाका' म्हणायची पद्धत पडली. दोन हंगामांत दुकान बंद झालं. आता तो हिंगोलीत दुसऱ्याच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडतो.

मागच्या महिन्यात मी तिथं गेलो. सगळं बोललो. तो जाळी घासतच होता.

"मला ठाऊकच हाय की ते," तो म्हणाला. "ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांगा."

मी विचारलं, तेव्हा तुम्ही काहून बोलला नाहीत?

"तुमी बोलाल म्हनून."

परवा मेव्हण्याला रानात नेलं. चिंधी काळी पडली होती. दांडी गंजलेली, दोन्ही हातांनी ओढून मी ती तिसऱ्यात टाकली आणि म्हणालो, त्या दिवशी अशी होती. वडिलांच्या ट्रॅक्टरच्या चेपलेल्या बोनटावर त्यानं हात ठेवला.

"मिस्त्रीनं पाहिलं व्हतं?"

"व्हय."

"अन् तुमी म्हनले, ह्याच्या भरोशावर राहू नका."

माझे शब्द त्यानं जसेच्या तसे ठेवले होते. तो रस्त्याला लागला.

काल सकाळी मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. बाकावर नेहमीचे चौघे होते, त्यांना सांगितलं. गिअर, चिंधी, मी वाढवलेली रेस, सगळं. बोलताना मी हसण्याची वाट पाहत होतो; हसले असते तर सोपं गेलं असतं. कुणी हसलं नाही. एकानं फक्त बाकावर थोडं सरकून घेतलं, माझ्यापासून.