हात कुठे लागला होता

कोराडीच्या वीजकेंद्रात मी तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. पॅनेलवर धोक्याचा दिवा लागला की नव्या पोरांना मी एकच विचारायचो: शेवटचं काम कोणी केलं आणि हात कुठे कुठे लागला? दिवा उगाच लागत नाही, हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा.

निवृत्त होऊन नागपुरात हुडकेश्वरला राहायला आलो. मागच्या मार्चमध्ये घरच्या गाडीची बॅटरी स्वतः साफ करायची हुक्की आली. टर्मिनलवर पांढरा थर साचला होता. हात पुरेना म्हणून शेजारचा एअर फिल्टरचा डबा काढला, गरम पाण्यानं सगळं घासलं, व्हॅसलीन लावलं, डबा परत बसवला. दुसऱ्या दिवशी बायको गाडी घेऊन शाळेत गेली आणि येताना तोंड पाडूनच आली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता.

बायको शिक्षिका. मी नको नको म्हणत असताना पन्नाशीत गाडी शिकलेली. मी बॉनेटही उघडून पाहिलं नाही. म्हणालो, "क्लचवर पाय ठेवून चालवते तू. दिवा लागन नाही तं काय?"

तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि पुढचे पंधरा दिवस उन्हातान्हात ऑटोनं शाळेत गेली. ती गाडीला हात लावत नाही, याचं मला मनातून बरं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी दोघं मेकॅनिककडे गेलो. त्यानं फिल्टरच्या डब्याजवळ लोंबणारा सेन्सरच्या वायरचा एक प्लग दाखवला आणि बॅटरीला कोणी हात लावला होता, असं विचारलं. बायको शेजारीच उभी होती. तरी मी रस्त्यावरच्या एका बॅटरीवाल्याचं नाव पुढे केलं. मेकॅनिकनं प्लग दाबून बसवला, तपासायचं मशीन लावलं आणि दिवा गेला.

घराच्या वाटेवर मी गाडी कडेला घेतली. चूक माझी होती, तिथं खोटंही बोललो, असं म्हणून किल्ली तिच्यापुढे धरली. ती चिडेल, चार शब्द सुनावेल, याची मी वाटच पाहत होतो. तिनं किल्लीला हात लावला नाही.

"मले खरंच वाटलं हो, माझ्याच्यानं बिघडली," ती म्हणाली. "रोज ऑटोत बसून आठवून राहिली होती, माझा पाय कुठं होता म्हणून."