तिसऱ्या वर्षीची फुलं

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं बस चालवली. रोज सकाळी सगळ्यात आधी रेडिएटरमध्ये पाणी, मग चहा. पाणी असलं की गाडी दगा देत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

काकूंचं सगळं उलटं. घरामागच्या मुरमाड पट्टीवर धड गवतही उगवत नसे. तिथे त्यांनी रानफुलांचं बी टाकलं. ऊन सोसणारी, एकदा रुजली की वर्षानुवर्षं टिकणारी झाडं. काका बादली घेऊन गेले की काकू ती काढून घ्यायच्या.

"झाडांनाही उपाशी ठेवतेस? कंजूस कुठली!"

"मुळं खोल जाऊ द्या हो. तिसऱ्या वर्षी बघा, फुलपाखरांना बसायला जागा पुरणार नाही."

तिसऱ्या वर्षी कळ्या आल्या आणि काकू दवाखान्यात गेल्या. डॉक्टर काकांशी हळू आवाजात बोलू लागले, तेव्हा काकांना कळायचं ते कळलं. काकू रोज एकच विचारायच्या, "उमलली का?"

"तू घरी ये. दाखवतोच."

ऊन रणरणत होतं. काकांना राहवेना. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. पानं पिवळी पडली. तहानली असतील म्हणून त्यांनी तिसरी बादली वाढवली.

काकूंना घरी आणलं. त्यांनी खुर्ची मागच्या दारात ठेवायला लावली. कळ्यांनी माना टाकल्या होत्या. एक मधमाशी आली, घुटमळली, निघून गेली. काकूंनी वाकून एक रोप धरलं. ते अलगद हातात आलं. मुळं काळी पडून कुजली होती.

"पाणी घातलंत?"

"एक दिवस चुकवला नाही," काका अभिमानाने म्हणाले.

काकूंनी ते रोप पुन्हा मातीत खोचलं. मग म्हणाल्या, "किती दमलात हो."

आठवड्याने त्या गेल्या.

ज्याच्याकडून त्यांनी बी आणलं होतं, तो रोपवाटिकेतला माळी भेटायला आला. मागे जाऊन त्याने माती चिमटीत दाबून पाहिली.

"काका, पाण्याने गेली ही झाडं. यांना कोरडंच ठेवायचं असतं."

काकांनी विचारलं, "हिला माहीत होतं?"

"काकूंना? मला त्यांनीच शिकवलं."

काका खाली बसले. मुरूम अजून ओला होता.