आईची भाजणी, मामींचा हात

मिनेसोटात, ईडन प्रेरीत, दिवाळीला थंडीमुळे खिडक्या उघडायची सोय नसते, म्हणून तळण आम्ही गराजमध्ये करायचो. शटर अर्धं वर, इलेक्ट्रिक शेगडी, अंगात जॅकेट. २००५ च्या दिवाळीत मी तिथे आईच्या भाजणीच्या चकल्या करत होते.

आई ऑगस्टमध्ये नागपुरात वारली. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. गेले असते तर परत येणं कठीण होतं. मी गेले नाही. नोकरी राखली, सरळच सांगते. ऑफिसात कळवलं, पण सहा वर्षांच्या लेकीला नाही. आजीला बरं नाही, म्हणून ती फोनवर येत नाही, असं तीन महिने तिला बेधडक सांगत होते.

भाजणी आईने उन्हाळ्याआधी कुणाबरोबर तरी पाठवलेली, फ्रीझरमध्ये जपलेली. तेवढीच उरली होती. कढईपुढे उभी राहिले की आई मागे यायची. मोहन जास्त झालंय, आच कमी कर, तुला कधी जमणार आहे का? मी वळून बघत नसे. बघितलं तर ती जाईल अशी भीती वाटायची.

शेजारच्या तमिळ मामी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, वासाने शटरखालून वाकून आत आल्या. आईचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेगडीच बंद केली. वर्षभर या घरात सणाचं तळण नाही, असं मोडक्या हिंदीत बजावलं. आमच्यातही तेच आहे, मला काय शिकवता? मला भयंकर राग आला. तेल शांत झालं. मी वळले. मागे फक्त गाडी होती.

मळलेलं पीठ मामी परातीसकट घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा आला. दुखवट्याच्या घरी मुरुक्कू, म्हणजे त्यांच्याकडची चकली, शेजाऱ्यांनी पोचवायचा असतो. मामी तो साच्याने पाडत नसत. पिठाची दोरी बोटांनी पिळत गोल फिरवत. आईची भाजणीही त्यांनी तशीच वळली होती. बऱ्याच चकल्या तुटल्या होत्या.

लेकीने एक तुकडा तोंडात टाकला.

"धिस इज आजीज," ती म्हणाली. "इज शी बेटर नाऊ?"

"नाही गं," मी म्हणाले. "आजी गेली. ऑगस्टमध्येच."

तोंडातला घास तिने बराच वेळ गिळला नाही.