अर्जाचा खालचा तुकडा

नेत्रदानाच्या प्रचारासाठी आम्ही डोंबिवलीचे चौदा जण पाच दिवसांच्या सायकल फेरीला निघालो, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा समाजसेवक समजत होतो. कल्याण, मुरबाड, मग माळशेज चढून जुन्नर. अंगात पिवळे टी-शर्ट, कॅरिअरला कोऱ्या अर्जांचे गठ्ठे.

पहिला अर्ज माझ्या बाबांनी भरला. नौपाड्यातल्या एका छापखान्यात त्यांनी जन्मभर प्रुफं तपासली होती. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं ते चष्म्याशिवाय वाचत, शेजाऱ्यांनाही वाचून दाखवत. "बाकी सगळा खटारा झालाय, डोळे तेवढे कामाचे उरलेत," म्हणाले. आईचा मात्र विरोध होता. डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं व्हायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून सही घरात झाली नाही. मी कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात हवा भरत होतो, तिथे झाली. "तू परत आलास की दोघं मिळून सांगू तिला," बाबा म्हणाले.

अर्जाचा खालचा तुकडा फाडून घरी ठेवायचा असे. कुठे फोन करायचा ते त्यावर छापलेलं होतं. मी तो फाडला नाही. लोकांना दाखवायला अख्खा अर्ज बरा, असं मला वाटलं. आणि तो चाललाही. गावागावात पारावर उभा राहून मी तो वर धरायचो. "ही माझ्या वडिलांची सही. आधी त्यांनी केली, मग मला पाठवलं." लोक पुढे यायचे. मग माझं ठरलेलं वाक्य, "सहा तासांच्या आत कळवा. रडायला जन्म पडलाय, आधी फोन करा." टाळ्या पडायच्या. मला त्या आवडायच्या, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी घाट चढून वरच्या गावात पोचलो. एसटी थांब्याजवळच्या बूथवरून शेजारच्या काकूंकडे खुशालीचा फोन लावला. काकू म्हणाल्या, "बाबा गेले रे. सकाळी सातला. झटकाच आला." मग त्यांनी आईला बोलावलं.

आई रडत नव्हती. "कुठे आहेस? लवकर ये. तुझ्यासाठी थांबवलंय," एवढंच म्हणाली.

बूथमधल्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. अजून पावणेदोन तास हातात होते. अर्ज खिशात होता, त्यावरचा नंबर मला तोंडपाठ होता. पण आत्ता या घडीला हिला डोळ्यांचं कसं सांगायचं, म्हणून माझी जीभच उचलेना. "निघतो, आई," म्हणालो आणि फोन ठेवला. तीन दिवस परक्यांना शहाणपण शिकवणारा मी.

सायकल मित्रांच्या हवाली करून एसटी पकडली. ती घाट उतरत असताना एक वाजला. नंतर मी घड्याळाकडे पाहिलं नाही. घरी पोचल्यावर बाबांच्या चेहऱ्याकडेही पाहवलं नाही, पाय धरून बसलो.

तेरावा झाल्यावर अर्ज आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला. सहीवरून बोट फिरवलं.

"मी भांडले असते रे," ती म्हणाली. "खूप भांडले असते. पण त्यांची सही आहे म्हटल्यावर फोन केला असता. त्या दिवशी बोललास माझ्याशी, तेव्हा का नाही सांगितलंस?"

 

मग तिने गठ्ठ्यातला एक कोरा अर्ज मागून घेतला. नाव घातलं, सही केली, खालचा तुकडा नीट दुमडून फाडला. मी हात पुढे केला.

"तुझ्याकडे नको," ती म्हणाली, आणि तो ठेवायला द्यायला शेजारच्या काकूंकडे गेली.