येळवणीची आमटी आणि गळका पाइप

आमच्या सिंकचा पाइप गळतो हे माझ्या साडूला कळण्यापेक्षा मी मेलो असतो तरी चाललं असतं.

साडू म्हणजे मन्मथराव, माझ्या मेहुणीचे यजमान. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात त्यांचं नळ-पाइपाचं दुकान आहे. लातूरला आम्ही घर बांधलं तेव्हा ते म्हणाले होते, "साडूभाऊ, हलका माल घेऊ नका. वर्षात गळंल." मी म्हणालो, "तुमचा काय सोन्याचा हाय का?" आणि मुद्दाम दुसरीकडून घेतला. (वर्ष भरायलाही अजून महिना होता. मेल्या पाइपाला तेवढीसुद्धा लाज नाही!)

आणि हे महाशय रविवारी जोडीनं पुरणपोळी खायला येणार!

"प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली.

"त्या नगाला? येतो, चहा पितो, अन् पाना विसरला म्हणून जातो तो अमावस्येलाच उगवतो! एवढ्याशा कामाला अक्कल किती लागते?"

"तेच म्हणून राहिले मी," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी सिंकखाली ठेवलेलं गळतीचं पातेलं काढून मी ओट्यावर ठेवलं आणि आडवा होऊन आत डोकं घातलं. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून सुतळी करकचून आवळली. थेंब बंद! बायकोनं नुकताच डाळीचा कुकर धुतला होता, त्यामुळे पातेल्यातलं पाणी पिवळं झालं होतं. लातुरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं, तेव्हा फेकणार कोण? पातेलं उचललं आणि अंगणातल्या कढीपत्त्याला ओतलं.

दुपारी मन्मथराव आले. बसायच्या आधीच स्वयंपाकघराकडं मान लांबवली. "पाइप बरा हाय न्हवं?"

"ठणठणीत!"

ताटं वाढली. पातेल्यात पळी घालत बायको म्हणाली, "आज आमटीला फेस का येऊन राहिला, काय की!"

फेस? मी खिडकीबाहेर पाहिलं. कढीपत्त्याच्या बुडाशी हरभऱ्याची डाळ सांडलेली, आणि शेजाऱ्यांची शेळी ती मन लावून खात होती! पुरणाच्या डाळीचं काढलेलं पाणी, म्हणजे येळवणी, तळाच्या थोड्या डाळीसकट बायकोनं आमटीसाठी ओट्यावरच ठेवली होती, माझ्या पातेल्याला चिकटून! मी ओतली ती येळवणी. अन् आमटी झाली ती भांडी धुतलेल्या पाण्याची!

"आमटी राहू द्या!" मी ओरडलो.

"का हो? आमटीसाठी तर नायगावहून आलो!" मन्मथरावांनी वाटी उचलली.

"माशी पडली तिच्यात!"

"मग माशी काढा की. आमटी कशाला टाकायची?"

वाटी ओठाला लागणार! खरं सांगावं तर पाइपाचं उघडं पडतं. मी झडप घालून वाटी हिसकावली आणि गटागटा प्यालो. मेहुणीची हिसकावली. तीही प्यालो. बायकोनं ओढून धरलेलं पातेलं हिसकावून मांडीवर घेतलं.

"सगळी आमटी माझी!"

"अगं बाई, दाजींना काय झालं?" मेहुणी घाबरून भिंतीला टेकली. बायकोनं तोंडाला पदर लावला. आठ जणांना पुरेल एवढी आमटी होती, मसाला झणझणीत, आणि मधूनच घासणीचा एक तंतू दाताला लागत होता. पण मी हटलो नाही! एवढा हावरट माणूस मन्मथरावांनी आख्ख्या नांदेड जिल्ह्यात पाहिला नसावा. आ वासून ते कोरडी पोळी चावत होते. माझी इज्जत गेली ती गेली, पाइपाची तर राहिली!

निघताना मन्मथरावांनी पिशवीतून एक नवाकोरा पाइप काढून माझ्या हातात ठेवला.

"हा बसवून घ्या, साडूभाऊ. पाइप गळतोय म्हणून अक्कांनी परवाच फोन केलता."

मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही दुरुस्त करणार म्हणालात ना, म्हणून लगेच केला."

मला खूप काही बोलायचं होतं. पण तेवढ्यात ढेकर आला, आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास होता.