मोटरला हात लावू नये

आमचे अण्णा वारले, त्यानंतर तेरा दिवस आमच्या चामराजपेटच्या घरात नळांना व्यवस्थित पाणी येत होतं. हे कसं, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि मी आमच्या घरातली सगळ्यात व्यवहारी बाई समजली जाते. (माझ्याकडूनच.)

अण्णा म्हणजे माझे वडील. सत्त्याऐंशी वर्षं जगले. त्यातली एकोणसाठ आईबरोबर, आणि त्या एकोणसाठ वर्षांत त्यांनी तिला एक बल्ब बदलू दिला नाही. पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर होते. संध्याकाळी दोन बस बदलून घरी यायचे आणि अंगातला शर्टही न काढता आधी घरभर फेरी मारायचे. काही ठिबकतंय का, काही करकरतंय का. आमच्या पेन्सिलींना ते इतकं अचूक टोक काढायचे, की माझ्या शेजारी बसायला वर्गात कोणी तयार नसे! बँक, वीजबिल, गॅस, भाजी, आईची औषधं, सगळं त्यांच्याकडे. आई लग्नाआधी बेळगावात सायकलवरून टायपिंगच्या क्लासला जायची. ती सायकल तिच्याबरोबर इथे आली. अण्णांनी तिला तेल घालून, पुसून, वर चादर पांघरून इतकं जपलं, की ती पुन्हा रस्त्यावर आलीच नाही. सायकलही आणि आईही.

माझं लग्न होऊन मी हेब्बाळला गेले, तरी सुटका नव्हती. माझा नवरा नागपूरचा, संगणकवाला. जगातल्या कुठल्याही देशातला बिघडलेला संगणक तो इथे बसून दुरुस्त करतो, पण नळाचा वायसर गेला की सासऱ्यांना फोन. मग ऐंशी वर्षांचे अण्णा पिशवीत पाने घेऊन, अर्धं शहर ओलांडून यायचे. लोक म्हणायचे, काय मायाळू माणूस! मीही म्हणायचे. तीस वर्षं म्हणत होते आणि तीस वर्षांत वायसर कसा बसवतात हे आमच्या घरात एकालाही शिकावं लागलं नाही.

तर अण्णा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि माझा धाकटा भाऊ मोहन स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो आणि असं ठरवलं, की आईला माझ्याकडे अकराव्या मजल्यावर हलवायचं. आई पलीकडच्या खोलीत होती. तिला विचारायचं आम्हाला सुचलं नाही, कारण तिला कोणी काही विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. ती आपणहून दारात येऊन उभी राहिली.

"मी इथेच राहणार आहे."

"एकटी?" मी म्हटलं. "आई, तुला मोटर तरी चालू करता येते का?"

ती म्हणाली, "चौदाव्याला चाळीस पानं होतील. ती या घरात, या घरच्या पाण्यावर नीट उठली, तर मला न्यायचं नाही. नाही उठली, तर येते मी तुझ्याकडे, सुनंदा."

"सरी, ठरलं," मी म्हटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नव्हतं, हे मला अकरा दिवसांनी कळलं.

चौदाव्याचा दिवस उजाडला. आचारी मागच्या अंगणात मोठाल्या पातेल्यांसह दाखल झाला. गुरुजी दुसरीकडचं एक कार्य उरकून आले होते. इथे पुन्हा स्नान करतो म्हणाले आणि न्हाणीघरात शिरले. इतक्यात नळ खोकला. दोनदा खोकला आणि गप्प झाला. गच्चीवरची टाकी संपली होती.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. महापालिकेच्या नळाचं कावेरीचं पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं, अंगणात जमिनीखालची टाकी काठोकाठ भरलेली होती. ते पाणी मोटरने वर चढवायचं, एवढंच काम. मी पदर खोचला, मागे गेले आणि हिरवं बटण दाबलं. मोटर जोरात गर्जली. "बघ, काय अवघड आहे त्यात?" असं मी मोहनला सुनावलं आणि पानं मोजायला आत गेले.

अर्ध्या तासाने करपल्याचा वास आला. आचाऱ्याला वाटलं, मी आत काहीतरी करपवलं. मला वाटलं, त्याने बाहेर. या विषयावर आमचं कन्नडमध्ये थोडं बोलणं झालं. ते चालू असताना मोटरमधून धूर निघाला, खट्ट असा आवाज झाला आणि सगळीकडे शांतता पसरली. त्या शांततेत न्हाणीघरातून गुरुजींचा आवाज आला. ते अंगभर साबण लावून बसले होते आणि पाण्याची चौकशी करत होते.

आता मोहनने सूत्रं हाती घेतली. (आमच्याकडे संकट वाढायचं असलं की असंच होतं.) तो सोवळं नेसून, कमरेला मोबाइल खोचून तयार होता. जमिनीखालच्या टाकीचं झाकण काढून, बादलीला दोर बांधून तो वाकला. बादली खाली गेली. मोबाइल तिच्यामागोमाग गेला. त्या मोबाइलमध्ये इलेक्ट्रिशियन मंजुनाथचा नंबर होता. तो अण्णांनीच दिलेला होता, कधी वापरायची वेळ येणार नाही असं सांगून. एक बादली मात्र निघाली. ती न्हाणीघरात पोचवली आणि आतून संस्कृतात काहीतरी ऐकू आलं. तो मंत्र नसावा.

"वही!" मोहन एकदम म्हणाला. "अण्णांनी सगळं वहीत लिहून ठेवलंय."

खरंच होतं. अण्णांची एक वही होती, तिला खाकी कव्हर, त्यावर टपोऱ्या अक्षरात 'घर : सूचना'. आम्ही कपाट उपसून ती काढली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पान, पट्टीने आखलेलं. 'गीझर : आवाज वेगळा वाटल्यास बंद करावा. मला हाक मारावी.' 'मिक्सर : ठसका लागल्यासारखा चालल्यास मला हाक मारावी.' मी घाईघाईने पानं उलटली. मोटरच्या पानावर दोनच ओळी होत्या, तांबड्या शाईत.

'कोणीही हात लावू नये. मला हाक मारावी.'

आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वर करून, हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

मागे आई उभी होती. हातात अॅल्युमिनियमचा पोचे पडलेला मग.

"आधी तिच्यात मगभर पाणी ओतावं लागतं," ती म्हणाली. "खालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह गळतो, म्हणून पाइप रिकामा होतो. पाणी न ओतता चालवली की मोटर नुसती फिरते आणि जळते."

"तुला कसं माहीत?"

"तेरा दिवस कोण चढवत होतं पाणी?"

साडेपाचला उठून ती मागे जात होती आणि मी तिला तुळशीला पाणी घालायला गेली असं समजत होते!

"मग अण्णा असताना कधी बोलली का नाहीस? आणि तो व्हॉल्व्ह! जन्मभर लेथवर काम केलं त्यांनी, तो त्यांना बदलता येत नव्हता?"

"येत होता की." आईने मगातलं पाणी कुंडीत ओतलं. "कारखाना सुटल्यावर त्यांना कोणी हाक मारेना. मग ती मोटर होती. रोज सकाळी मी हाक मारायची, पाणी गेलं हो. ते वर्तमानपत्र टाकून उठायचे."

"इतकी वर्षं?"

"माणूस चांगला होता गं. पण फार सांभाळावं लागायचं."

मला हसू यायला हवं होतं, आला तो राग. एक माणूस बायकोला काही करू देत नाही, कारण त्याचं तिच्यावर प्रेम. बायकोला सगळं येतं आणि ती येत नाही असं दाखवते, कारण तिचं त्याच्यावर प्रेम. आणि या दोघांच्या प्रेमात तिची सायकल गंजली. तीही नाही म्हणा, गंजू कुठे दिली त्यांनी.

शेवटी शेजारच्या गिरिजक्कांनी भिंतीवरून आपल्या नळाची नळी आत सोडली. पानं तीन वाजता उठली. जेवणारा प्रत्येक जण हात धुताना आईला सांगत होता, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आई प्रत्येकाला "हो" म्हणत होती. चाळीस वेळा म्हणाली.

सगळे गेल्यावर ती खोलीतून कापडी पिशवी घेऊन आली. दोन लुगडी, औषधं आणि तो मग.

"पाणी गिरिजाच्या घरचं होतं," ती म्हणाली. "बोलले तशी येते."

मी तोंड उघडणार इतक्यात मोहन म्हणाला, "आई, मोटर हिने जाळली. न्यायचंच झालं तर हिला हेब्बाळला ने."

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली. माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही, पिशवी आत ठेवायची आहे.

मंजुनाथला दुसऱ्या दिवशी आईनेच शोधून आणलं. बाजारापर्यंत चालत गेली होती, एकटी. मी आपोआप चालणारी मोटर सुचवली, ती आईने नाकारली. साधी घेतली, व्हॉल्व्हही नवा बसवून घेतला, आणि मंजुनाथ काम करत असताना त्याच्या डोक्याशी उभी राहून त्याच्या दोन चुका काढल्या.

परवा मी भेटायला गेले होते. आई स्वयंपाकघरात होती. भांडी विसळायला नळ सोडला तर पाणी नाही. मी सवयीने पदर खोचून मागे गेले. नव्या मोटरच्या बटणाखाली, पट्टीने आखलेला एक कागद चिकटवलेला होता. टपोरं अक्षर, तांबडी शाई.

'सुनंदाने हात लावू नये. मला हाक मारावी.'

मी खोचलेला पदर सोडला आणि हाक मारली.